सातव्या पानावरचा ळ

पोर्टफोलिओत बारा पानं आहेत.
सातव्यावर फक्त एक डाग :
सावद्याच्या केळीच्या खोक्यावर
पहिल्या छपाईत उमटलेला ळ,
शाई पिऊन तट्ट फुगलेला,
दोन्ही डोळे मिटून घेतलेला.

स्क्रीनवर तो देखणा होता.
एकेक बिंदू ओढून-ताणून बसवला होता मी,
वळणाला वळण, केसाएवढं अंतर,
आणि रात्री दोनला स्वतःवरच खूश होऊन
साखर घालून दूध प्यायले होते.
खोक्याच्या खाकी कागदाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.
त्याला तहान लागली होती. तोही प्यायला.

प्रेसवाले नेहेते काका म्हणाले,
य टाकून दे की त्या जागी, वाचणारा तेच वाचतो.
हसले, पण थोडंच हसले.
खरंच आहे ते.
आम्ही जयगाव म्हणतो, उन्हाया म्हणतो,
शायेत जातो,
फळ्यावरचा ळ वहीत नीट उतरवून घेतो
आणि घरी येऊन केयं खातो.
ट्रक रावेर सोडून बऱ्हाणपूरला लागला
की उरलासुरला ळही खाली उतरतो,
दिल्लीच्या बाजारात नुसता केला पोचतो.
मग या अक्षराचा मुक्काम कुठे?
स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर,
दुधाच्या डेअरीवर, तलाठ्याच्या शिक्क्यात.
आणि आता माझ्या खोक्यावर,
आंधळा.

यावलला सुभान तडवींकडे गेले.
एकतीस वर्षं ट्रकांच्या पाठी रंगवल्या त्यांनी.
आता मुलाच्या टपरीवर बसतात,
समोरच फ्लेक्सचं दुकान.
मी लॅपटॉप उघडला,
त्यांनी खोकं मागितलं
आणि पहिल्यांदा काय केलं, तर ते उलटं धरलं.
वाचता येतं तोवर दिसत नाही, म्हणाले.

उलट्या खोक्यावर
काहीतरी गाठोड्यासारखं पडलं होतं.

ज बघ, ग बघ, व बघ,
सगळ्यांच्या हातात काठी.
हा एकटाच बिनकाठीचा,
वरच्या रेघेला लोंबतो घडासारखा.
घडात वारा नको खेळायला?
आधी भोकं काढ पोरी, कलर मागून येतो.

चहात बोट बुडवून
पत्र्याच्या टेबलावर दोन थेंब ठेवले त्यांनी
आणि थेंबांच्या भोवतीने बोट फिरवलं.
हात कापत होता.
थेंब मोडले नाहीत.
डावं जरा मोठं ठेव.
का?
ठेव.

तीन रात्री भोकंच काढत होते.
दोन वळणं भेटतात तिथे बारीक खाच ठेवली,
शाईला टेकायला जागा.
‘उत्तम माल’मधला ल हिंदी वळणाचा आला होता,
तोही बदलला;
ते मात्र अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.
नवा ळ स्क्रीनवर इतका हाडकुळा दिसायचा
की फाईल पाठवताना लाज वाटली.
छापला, तेव्हा अंगाने भरला.

पुण्याच्या ऑफिसात विचारलं,
आठव्या पानावर चांगला आहे ना,
मग हा फसलेला कशाला ठेवलाय?
मी म्हटलं, याला बघूनच तर आठवा आला.
त्यांनी पान उलटलं.
कळवतो म्हणाले.

सावद्याला त्या दिवशी माल भरत होते.
भावडूने खोकं खांद्यावरून उतरवलं,
अक्षरांवरून बोट फिरवत सावकाश वाचलं :
सावदा केयी.
मग बोट परत मागे आणून
दोन्ही भोकांच्या मधोमध टेकवलं.
हा माह्या नावात बी हाये.
कुठे?
कोयी, म्हणाला, भावडू कोयी,
आणि खोकं ट्रकात चढवलं,
उलटं.